सूचना : शाळा उघडण्याआधी रॅम्प मोजून घ्या

चाकाची खुर्ची किंवा कुबड्या वापरणाऱ्या सर्व सभासद शिक्षक-शिक्षिकांसाठी.

जून उजाडण्याआधी शाळेचा रॅम्प टेपने मोजा. चढ 1:12 हवा, म्हणजे दीड फूट जोत्याला 18 फूट लांबी. जागा वाचवायला 6-7 फुटांतच उरकलेला रॅम्प तपासणीपुरता. त्यावर खुर्ची मागे कलंडते. वरच्या टोकाचा उंबरठाही पाहा, इंचभर उंचवट्यालाही पुढची छोटी चाकं अडतात. गुळगुळीत फरशी पावसात घसरते, खरखरीत कोबाच हवा. कठडा दोन्ही बाजूंना.

वर्ग तळमजल्यावर मागताना अर्जात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 लिहा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जोडा. मुख्याध्यापकांची सही-शिक्क्याची पोच घ्याच. तोंडी 'बघू' धरू नका.