न्यूयॉर्कला आईच्या मदतीला धावून आलेल्यांचे मनापासून आभार

तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून जाहीरपणे लिहितेय. आमची आई बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईमार्गे अमेरिकेला माझ्या भावाकडे एकटी गेली. मराठी आणि कन्नड सोडून तिला दुसरी भाषा येत नाही. अमेरिकेत पहिल्यांदा उतराल तिथंच इमिग्रेशन आणि कस्टम्स. पुढचं विमान देशातलंच असलं तरी बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या, परत जमा करायच्या आणि सिक्युरिटीच्या रांगेत नव्यानं उभं राहायचं. साठी उलटलेल्या बाईला हे सगळं अनोळखी ठिकाणी!

धारवाडकडच्या दादा, तुम्ही कन्नडमध्ये "अम्मा, बर्री" (आई, या) म्हणालात आणि तिचा जीव भांड्यात पडला. जड बॅगा तुम्हीच उचललात. रांगेतल्या मराठी ताई, तिथं खाण्याचं सगळं सांगावंच लागतं, हे तिला समजावून तुम्ही कुंदा (आमच्या बेळगावची मिठाई), चिवडा, लोणचं एकेक करून अधिकाऱ्यांना सांगितलंत. त्यांनीही शांतपणे ऐकून घेतलं.

सिक्युरिटीतल्या त्या बाईंचं मात्र विशेष सांगायचंय. हिरव्या बांगड्या निघत नव्हत्या, आई घाबरली होती. त्यांनी ओरडा केला नाही. आधी स्वतःच्या मनगटावर हात फिरवून दाखवला, मग तिची तपासणी केली. आई फोनवर अजून तेच सांगते.

तुमच्यापैकी कुणी बेळगावला आलात, तर शहापुरात आमच्याकडं जेवायला या. आई परतली की कुंदा ती स्वतः वाढेल.