खसचा कूलर बंद करणाऱ्या भाऊंना

भाऊ, नमस्कार.

नवतपा सुरू, बाहेर पारा 45च्या घरात, आणि तशात तुम्ही नागपूरच्या धरमपेठेत आमच्याकडे वाईनची एक जुनी बाटली उघडायला आलात. निघताना दारात "थँक्यू हं" यापलीकडे आमच्या तोंडून काही निघालं नाही. ते फार तोकडं होतं. म्हणून हे जाहीर पत्र.

बाटली 1998 सालची, फ्रान्समधल्या बोर्दोत नदीच्या उजव्या काठावर असलेल्या सेंट एमिलियनची. द्राक्षं बहुतांश मर्लो जातीची, बाकी कॅबर्ने फ्रांक. त्या वर्षी बोर्दोत द्राक्षतोडीच्या ऐन मोसमात पाऊस आला. मर्लो लवकर पिकते, त्यामुळे उजव्या काठाची तोड बरीचशी आधीच उरकली होती आणि तिकडची वाईन उत्तम उतरली. डाव्या काठावरची उशिरा पिकणारी कॅबर्ने सोव्हिन्यों भिजली. हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत. इतका सांभाळ झालेली चीज आपल्या हातून बिघडू नये, एवढीच आमची धास्ती होती.

धास्ती उगाच नव्हती. यापूर्वी अशाच एका बाटलीची शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात वाट लागली होती. आणली तशी आडवी बाटली बर्फाच्या बादलीत गेली. मग आखूड स्क्रू. जुनं बूच पाचेक सेंटीमीटर लांब असतं आणि त्याचा वाईनकडचा भाग भिजून मऊ पडलेला असतो. आखूड स्क्रू वरचा अर्धाच भाग पकडतो, ओढला की बूच मधोमध तुटतं. तसंच झालं. उरलेला तुकडा त्यांनी आत ढकलला, वाईन चहाच्या गाळणीतून ओतली, आणि गढूळ, गारठलेला, तुरट ग्लास समोर ठेवून वर ऐकवलं, "जुनी वाईन अशीच लागते." चूक होते, ते समजू शकतो. पण समोरच्याला काय कळतंय असं धरून चालणं मनाला लागलं.

आणि बिनकॉम्प्रेसरचं वाईन कॅबिनेट, म्हणजे वाईन गार ठेवायचं कपाट, "नागपूरला आरामात चालतं" म्हणून गळ्यात मारणारा दुकानदार वेगळाच. ती यंत्रं खोलीच्या तापमानापेक्षा फार तर 15 ते 20 अंश खाली जातात. उन्हाळ्यात खोली 42 अंशांवर असेल तर आत पंचवीसच्या आसपास. जुनी वाईन तिथे हवी त्यापेक्षा लवकर उतरू लागते. कॉम्प्रेसरचं घ्या आणि 13 अंशांवर ठेवा, हे सरळ शब्दांत सांगणारे तुम्ही पहिले.

तुमचं काम तर दोन दिवस आधीच, फोनवर सुरू झालं. "बाटली कॅबिनेटमध्येच उभी करून ठेवा, गाळ तळाशी बसू द्या." मग घरी आल्यावर टॉर्च धरून पातळी पाहिलीत. मानेच्या बुडाशी होती, म्हणजे वयाच्या मानाने उत्तम. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असती तर हवा आत गेल्याची शंका. बूच वर सरकलेलं नव्हतं, फॉइलखाली चिकट ओघळ नव्हता, म्हणजे उष्णतेचा फटका बसलेला नव्हता. फॉइल ओठाच्या खालून कापलंत, बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसलंत आणि दोन पात्यांची बूचकाढणी काढलीत. लांब पातं आधी, मग आखूड, बूच आणि काचेच्या मधून, डावी-उजवीकडे हलवत हळूहळू खाली. शेवटी पीळ देत वर. बूच अखंड आलं.

पण आभार मानायचे ते मुख्यतः त्याआधीच्या एका गोष्टीचे. हॉलमध्ये कूलर धडधडत होता, ताट्या नव्या, सगळीकडे खसचा वास. बाटलीला हात लावण्याआधी तुम्ही विचारलंत, "दहा-पंधरा मिनिटं कूलर अन् पंखा बंद केला तर चालेल का?" कारणही सांगितलंत. पंचवीस वर्षांच्या वर गेलेल्या मर्लोचा वास नाजूक असतो, खसपुढे तो टिकत नाही. आणि पंख्याखाली मेणबत्ती थरथरली तर मानेतला गाळ दिसत नाही. बरोबरच होतं. मग ज्योतीवर बाटलीची मान धरून वाईन एका संथ धारेत डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या रुंद भांड्यात ओतलीत, मध्ये कुठेही बाटली सरळ केली नाहीत. गाळाची काळी रेघ मानेशी येताच थांबलात. तळाशी 60 मिलीच्या आसपास राहिली. "थोडी अजून" असं कुणीतरी म्हणालं, तुम्ही नुसती मान हलवलीत.

त्यानंतरची दहा मिनिटं नुसती वाट पाहायची होती. खोली तापू लागली. कोपऱ्यात आजी बसल्या होत्या. त्या वाईनला शिवतही नाहीत, त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. तुम्ही टेबलावरचं वर्तमानपत्र उचललंत, घडी केलीत आणि आजींना वारा घालत उभे राहिलात. गप्पाही त्यांच्याशीच, आंब्याच्या लोणच्याच्या. कूलर आपल्यामुळे बंद आहे, तेव्हा त्याचा त्रास आपण भरून काढायचा, इतका साधा तुमचा हिशेब. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याचे पैसेही देणार नव्हतं. कौशल्य शिकवता येतं, आजींकडे लक्ष जाणं कुठल्या कोर्समध्ये येत नाही. अशी माणसं बँकेत, दवाखान्यात, एसटीच्या खिडकीवरही कधीमधी भेटतात आणि दिवस सुधारून जातात.

पहिला घोट तुम्ही घेतलात, 15 मिलीचा, तोही वासाची खात्री करायला. सुरुवातीला किंचित कोंदट वाटलं, तेव्हा म्हणालात, "हा बाटलीत कोंडलेला वास असेल तर दहा मिनिटांत उडेल. बुचाचा दोष असेल तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वाढत जाईल. तसं झालं तर स्पष्ट सांगीन, फेकून देऊ." उडाला. मग प्रत्येकाला 60 मिली, जास्त नाही, कारण आपल्याकडे भरलेला ग्लास पाच मिनिटांत कोमट होतो. वीस-बावीसच्या वर गेली की अल्कोहोलच नाकात जातं, फार गार केली तर तुरटपणा बोचतो. डिकँटर माठाच्या पाण्यात, चार खडे बर्फ टाकून, 17 अंशांच्या आसपास धरून ठेवलात.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरायला लावलात. मध्ये गडद लाल, कडेला विटकरी. तुरटपणा देणारं टॅनिन रंगद्रव्याशी जुळून गाळात बसतं, म्हणून रंग उतरतो आणि तुरटपणाही मऊ पडतो. वासाला सुकलेला आलुबुखार, अंजीर, तंबाखू, भिजलेला पालापाचोळा. अर्ध्या तासाने चामड्याचा आणि देवदाराचा वास वर आला, तासाभरात फळ ओसरू लागलं. तरुण वाईनसारखी दोन-दोन तास उघडी ठेवली असती तर हा मधला टप्पा हुकला असता.

सावजी मटणाचा बेत तुम्ही दुसऱ्या दिवसावर ढकलायला लावलात, त्याबद्दलही धन्यवाद. तिखटाने अल्कोहोलची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही वाढतात, त्यात जुनी मर्लो हरवते. मीठ-मिरीचं मंद शिजवलेलं मटण आणि लोण्यावर परतलेले मशरूम, एवढंच पुरे झालं.

कॅबिनेटमध्ये 2005ची एक आहे. डिसेंबरात उघडू म्हणतो. यावेळी पाहुणे म्हणून या, वहिनींनाही घेऊन या. आजींनी लोणच्याची बरणी तुमच्या नावाने वेगळी ठेवली आहे.

आपले,
धरमपेठेतलं कुटुंब