सोनपापडीचा डबा आणि दिवाळी पोस्त

महोदय,

दिवाळी आली की आमच्या इमारतीत सोनपापडीचा एक डबा फिरू लागतो. तो कोणी उघडत नाही. वसुबारसेला तिसऱ्या मजल्यावर दिसलेला डबा भाऊबीजेला आमच्याकडे आला, तोही जुन्या नावाच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठी काढून आम्ही तो पुढे रवाना केला.

फराळाचेही तसेच. ताट रिकामे परत पाठवायचे नाही, म्हणून आमच्या चकल्या शेजारी आणि शेजारच्या आमच्याकडे. मोठ्या आचेवर तळल्याने त्या आतून मऊ राहिल्यात हे कळते, पण ‘छान झाल्यात हो वहिनी’ म्हणणे भाग असते.

फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रात्री आठ ते दहाची वेळ ठरवून दिली होती. आमच्या गल्लीला ते ऐकू गेले नसावे. सुतळी बॉम्बच्या आवाजात जाणार तरी कसे?

निदान दुपारी दिवाळी अंक घेऊन आडवे व्हावे, तर दारावरची घंटा वाजते. पोस्त मागायला आलेल्यांपैकी काहींना तर आम्ही वर्षभरात प्रथमच पाहत होतो. दिले अर्थात सगळ्यांना.

– एक वाचक, डोंबिवली