डावीकडे मारणारा चोक आणि ‘वीस टक्के दाट पॅटर्न’चा दावा : कंपनीकडे तक्रार

नागपूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुंबई कार्यालय

विषय : बारा बोरच्या ट्रॅप बंदुकीसाठी घेतलेल्या दोन चोकपैकी एक सदोष असल्याबद्दल आणि जाहिरातीतल्या दाव्याबद्दल.

महोदय,

माझी मुलगी ट्रॅप नेमबाजी करते. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्या बंदुकीसाठी आम्ही तुमच्याकडून नळीच्या तोंडाबाहेर येणारे, भोकांचे दोन चोक, म्हणजे नळीचं तोंड आवळून छर्रे एकत्र ठेवणारे आट्यांचे तुकडे, घेतले. पहिला बार काढणाऱ्या खालच्या नळीसाठी थ्री-क्वार्टर आणि दुसऱ्या बाराच्या वरच्या नळीसाठी त्याहून जास्त आवळणारा फुल. दोन्हींचे मिळून २१,८०० रुपये झाले, बिलाची प्रत सोबत जोडली आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. बंदुकीबरोबर कारखान्यातून आलेले चोक चांगल्या स्थितीत असताना हा खर्च करावा की नाही, यावर आमच्या घरी पंधरा दिवस चर्चा झाली होती. तुमच्या जाहिरातीत ‘पॅटर्न वीस टक्के अधिक दाट, गुणांत हमखास वाढ’ असं छापलं होतं. पॅटर्न म्हणजे एका बारातल्या छर्र्यांचा पसारा. ते वाक्य आम्ही खरं मानलं.

तक्रार सांगण्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काय घडलं ते लिहिते, कारण पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं आहे.

ट्रॅपच्या सरावासाठी आम्ही नागपूरहून भोपाळला जातो. तुमचे चोक लावण्याआधी मुलीचे १२५ पैकी १०७ ते ११० बर्ड, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या, फुटत होते. चोक लावल्यावर पहिल्याच शिबिरात ती १०१ वर आली, नंतर ९८ वर. नवीन चोकवर शंका घ्यावी हे तिच्या मनातही आलं नाही. तिनं स्वतःवर शंका घेतली. बंदूक खांद्याला लावण्याची पद्धत बदलून पाहिली, गालाखालच्या लाकडाची उंची बदलली, उभं राहण्याचा कोन बदलला. दोन महिने ती रात्री आरशासमोर रिकामी बंदूक उचलून ‘आई, माझं डोकं उचललं जातंय का बघ’ म्हणत होती. डोकं उचललं जात नव्हतं.

दोष तिच्या प्रशिक्षकांच्या लक्षात आला. उजवीकडे जाणारे बर्ड पहिल्या बारात सुटत होते आणि जे फुटत होते त्यांचा मागच्या, म्हणजे डाव्या कडेचा कपचा तेवढा उडत होता. डावीकडे जाणाऱ्या बर्डांच्या बाबतीत उलट, पुढचा भाग उडत होता. दुसरा बार ठीक बसत होता. पात्रता फेरीत एका बर्डवर दोन बार काढता येतात, म्हणून दुसऱ्या बारानं बरेच गुण वाचले. फायनलमध्ये एकच बार मिळतो. तिथे काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही रेंजच्या परवानगीनं कागदावर पॅटर्न काढले. पद्धत सविस्तर लिहिते, म्हणजे तुमच्या तंत्रज्ञांना ती तपासता येईल. अंतर ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. बंदूक टेकूवर. दोन्ही चोकसाठी एकाच खोक्यातली २४ ग्रॅमची, साडेसात नंबरच्या छर्र्यांची काडतुसं. तीन काडतुसं फोडून छर्रे मोजले, सरासरी २९९ आली. ब्राउन पेपरच्या मोठ्या तावांवर कारखान्याच्या थ्री-क्वार्टर चोकमधून दहा आणि तुमच्या थ्री-क्वार्टर चोकमधून दहा बार काढले. प्रत्येक कागदावर दाटीचा मध्य शोधून ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढलं आणि एकेक भोक स्केचपेननं खूण करत मोजलं. वीस कागद मोजायला दोघींना अडीच दिवस लागले.

कारखान्याच्या चोकची सरासरी १९५ छर्रे, तुमच्या चोकची १९१. एकाच चोकच्या दहा कागदांत १७८ पासून २०९ पर्यंत आकडे आले. एवढा चढउतार असताना चार छर्र्यांच्या फरकाला काहीच अर्थ नसतो, म्हणून तुमचा चोक विरळ मारतो असं मी म्हणणार नाही. पण वीस टक्के दाट म्हणजे १९५ चे २३४ व्हायला हवे होते. त्याच्या जवळपास एकही कागद नाही.

आणि ते २३४ झाले असते, तरी काय? बर्डचा व्यास ११० मिलिमीटर आणि जाडी साधारण २५. तो कडेनं दिसतो तेव्हा छर्र्यांना लागायला जेमतेम २७ चौरस सेंटिमीटर जागा असते. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ४,५६० चौरस सेंटिमीटर. १९५ छर्रे सारखे पसरले असं धरलं तर त्या बर्डवर सरासरी १.१५ छर्रा पडतो, २३४ असतील तर १.३९. प्रत्यक्षात छर्रे मध्यात जास्त दाट असतात, त्यामुळे बर्ड मध्यात पकडला गेला तर दोन्ही चोकनं फुटतो आणि कडेला गेला तर दोन्हींनी वाचू शकतो. म्हणजे चोक दाट करून मिळणारा फायदा थोडा आहे, नेम मध्यावर असण्याचा फायदा खूप मोठा आहे. तुमच्या चोकनं नेमका तो मध्यच हलवला.

कारण खरा दोष इथे आहे. तुमच्या थ्री-क्वार्टर चोकच्या दहाही कागदांवर दाटीचा मध्य नेमाच्या खुणेपासून डावीकडे सरकलेला आहे, सरासरी १७ सेंटिमीटर. कारखान्याचा चोक त्याच नळीत, त्याच टेकूवर, खुणेपासून तीन सेंटिमीटरच्या आत मारतो. वर्तुळाची त्रिज्याच ३८ सेंटिमीटर, त्यातले १७ आधीच गेले. तुमचा चोक काढून पुन्हा घट्ट बसवून आणखी चार बार काढले, फरक तोच. आटे आणि आतलं छिद्र एका अक्षावर नाहीत, असाच याचा अर्थ होतो.

रेंजवरच्या आर्मररांनी, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्यांनी, बोअर गेजनं मापंही घेतली. नळी आतून १८.६ मिलिमीटर, तुमच्या चोकचं तोंड १८.०. म्हणजे आवळण ०.६. थ्री-क्वार्टर कोरलेल्या चोकमध्ये ते ०.७५ च्या आसपास हवं. ०.६ हे हाफ चोकच्या ०.५ कडे झुकणारं माप झालं. चोकचं नाव नळीच्या मापाशी जोडलेलं असतं आणि प्रत्येक बनावटीची नळी सारखी नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग ऑर्डर घेताना नळीचं माप का विचारलं नाही? चोकच्या तोंडाचं खरं माप डबीवर का छापलं नाही? नुसतं नाव कोरून ग्राहकाला काहीच कळत नाही.

तुमच्या फुल चोकबद्दल माझी तक्रार नाही. तो मध्यावर मारतो आणि बाहेर आलेल्या भागामुळे हातानं पटकन बदलता येतो, ही खरी सोय आहे. ज्याची बंदूक एकाच कायमच्या चोकची आहे आणि ज्याला स्कीट आणि ट्रॅप दोन्ही खेळायचं आहे, त्यानं चोक बदलता येण्याची सोय करून घेतली तर त्यालाही फायदा होईल, कारण स्कीटचे बर्ड जवळून जातात आणि तिथे छर्रे पसरलेले हवेत. पण त्याच आवळणाच्या चांगल्या चोकच्या जागी तेच आवळण सांगणारा महागडा चोक लावून गुण वाढतात, असं आमच्या वीस कागदांवर कुठेही दिसलं नाही. भोकांमुळे धक्का कमी होतो, हेही मुलीला जाणवलं नाही. शेजारच्या स्टेशनवरच्या नेमबाजांना आवाज मात्र जास्त जाणवला, आणि भोकांत काडतुसाच्या प्लॅस्टिकचे कण अडकतात ते दर शिबिरानंतर ब्रशनं काढावे लागतात.

५ नोव्हेंबरला मी तुमच्या कार्यालयात फोन केला. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, ‘मॅडम, चोक सेट व्हायला चार-पाचशे बार लागतात.’ पोलादाचा वाकडा अक्ष बार काढून सरळ होत नाही. शिवाय चारशे काडतुसांचा खर्च कोण करणार होतं? दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा ‘नवीन खेळाडूंचा नेम हलतो’ असं उत्तर मिळालं. माझी मुलगी सहा वर्षं खेळते आहे, आणि बंदूक टेकूवर होती हे मी त्याआधीच सांगितलं होतं.

जाहिरातीत ‘ऑलिम्पिक पदकविजेत्यांची पसंती’ असंही आहे. आपल्या देशाला शॉटगनमध्ये आजवर एकच ऑलिम्पिक पदक मिळालं आहे, २००४ साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये जिंकलेलं रौप्य. तुम्ही कोणाबद्दल लिहिलं आहे, ते नावानिशी आणि त्यांच्या संमतीनं लिहा, नाहीतर ती ओळ काढा. ती ओळ वाचून सतरा-अठरा वर्षांची मुलं आईवडिलांकडे हट्ट धरतात.

माझ्या मागण्या अशा आहेत. थ्री-क्वार्टर चोक परत घेऊन त्याची पूर्ण किंमत द्यावी. बदली चोक नको. पॅटर्नसाठी लागलेल्या २४ काडतुसांचा खर्च द्यावा. त्याच खेपेतले चोक आणखी कोणाकोणाला गेले ते पाहून त्या ग्राहकांना कळवावं. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच मागणीचा आहे, कारण त्यांच्यापैकी कोणीतरी आजही आरशासमोर उभं राहून स्वतःची चूक शोधत असेल. आणि वीस टक्क्यांचा दावा तुम्ही कोणत्या काडतुसावर, किती अंतरावर, किती बार काढून केला, तो तपशील मला लेखी पाठवावा. तसा तपशील नसेल तर दावा मागे घ्यावा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि सदोष वस्तू व दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात जाईन.

मुलीनं जुना चोक परत लावला आहे. गेल्या रविवारी तिचे १०८ फुटले.

चोक मूळ डबीत बांधून ठेवला आहे, कुरिअरचा माणूस पाठवाल त्या दिवशी देते. पॅटर्नच्या सगळ्या कागदांचे फोटो सोबत आहेत. मूळ कागद माझ्याकडेच राहतील, पाहायचे असतील तर तुमच्या तंत्रज्ञांना नागपूरला पाठवा.

आपली,
(सही)
एका ट्रॅप नेमबाज मुलीची आई