चर्चच्या आवारातली मराठी शाळा

वसई, रविवार

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. ‘कॅथलिक शाळा म्हणजे टाय, बूट आणि इंग्रजीची मिजास’ असे तू सहज लिहून गेलास, ते मात्र घशाखाली उतरेना. आपली ओळख कॉलेजातली, त्यामुळे माझी शाळा तू पाहिलेली नाहीस.

पोर्तुगीज 1739 साली वसई सोडून गेले, पण वाडीतला ख्रिस्ती शेतकरी आपल्या बोलीसह इथेच राहिला. आमच्या घरात कादोडी आणि शाळेत मराठी. शाळा चर्चच्याच आवारात आणि तिचा कारभार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंकडे असल्यामुळे माझी बुधवारची गैरहजेरी रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, सुटल्यावर आईच्या कानावर जात असे! मोगऱ्याच्या हंगामात आम्ही पहाटे कळ्या खुडून दादरला जाणाऱ्या करंड्या भरायचो आणि तसेच धावत वर्गात शिरायचो. आमच्या बाई उशिराबद्दल रागवत नसत. पुढे केलेल्या हातांचा वास घेत आणि ‘बस’ म्हणत. धर्मशिक्षणाच्या तासाला माझ्या बाकावरचा आगरी मित्र नीतिशिक्षणाच्या वर्गात जाई, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि शाळेत घोटून घेतलेले वाचन वेदीपाशी उपयोगी पडू लागले. वर्षानुवर्षे ‘सुवार्ता’ मासिक चालवणारे आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटले. आम्हाला अभिमान वाटला, नवल नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते. खासगी शाळांतही गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवणारा शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला. आपल्या शाळा आपण चालवण्याचा, घटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना दिलेला हक्क मला मोलाचा वाटतो, पण त्याच्या आडोशाने पाड्यावरच्या वारली मुलासाठी फाटक बंद होणार असेल, तर ज्या गरिबांसाठी या शाळा निघाल्या त्यांनाच आपण बाहेर ठेवले असे होईल.

आता मराठीचे वर्ग ओस पडत आहेत. आमच्या शाळेतली मराठी पाचवी बंद करावी की नाही, यावर पुढच्या रविवारी पालकांची सभा आहे आणि ती चालू राहावी म्हणून मी बोलणार आहे. पहिला प्रश्न माझ्या मुलीच्या शाळेबद्दल येईल. ती इंग्रजी माध्यमात आहे, विनायक. तिथे नाव मीच घातले.

तुझा,
सायमन