डोंगरगावचा डायनासोर आणि सिमेंटची शेपूट: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: संग्रहालये व उद्यानांतील डायनासोरची कालबाह्य मांडणी दुरुस्त करण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र डायनासोरविषयी आहे. आधी हसून घ्यावे, मग पुढे वाचावे. रस्ते, पाणी आणि पीकविम्याच्या अर्जांच्या ढिगात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेल्या प्राण्याची शेपूट जमिनीला टेकली आहे अशी तक्रार घेऊन कोणी यावे, हे मलाही थोडे विचित्रच वाटते. पण चंद्रपूर जिल्ह्यात विज्ञान शिकवण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली, आणि सहलीला नेलेल्या मुलांना "फलकावर लिहिलंय ते चुकीचं आहे" असे सांगण्याची पाळी माझ्यावर वारंवार आली. मुले फलकावर विश्वास ठेवतात, बाईंवर नाही. फलक सरकारी असतो.

तो फलक कसा असतो ते सांगते. गावाचे नाव घेत नाही, कारण दोष एका गावाचा नाही. बागेत सिमेंटचा टायरॅनोसॉरस दोन पाय आणि शेपूट यांवर तिपाईसारखा उभा. समोर त्याच्याशी झुंजायला स्टेगोसॉरस. वर तारेला टांगलेला टेरोसॉर, खाली लिहिलेले 'उडणारा डायनासोर'. आणि शेवटी वाक्य: डायनासोर हे अवाढव्य, मंद, थंड रक्ताचे प्राणी होते.

टेरोसॉर हा डायनासोर नव्हेच, ती उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांची वेगळी शाखा. स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टायरॅनोसॉरस सुमारे ६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा. या दोघांमध्ये जेवढा काळ गेला, त्याहून कमी काळ टायरॅनोसॉरस आणि आपल्यामध्ये गेला आहे. शेपटीचे म्हणाल तर ती तशी जमिनीला टेकवायची झाल्यास सांधे निखळावे लागतील. शिवाय जगभर डायनासोरच्या पाऊलखुणांच्या रांगा सापडल्या आहेत, त्यांत शेपूट फरफटल्याची रेघ क्वचितच दिसते. शरीर आडवे, पुढे डोके आणि मागे शेपूट, दोन्हींचा तोल कमरेवर, असा हा प्राणी चालत असे. 'मंद आणि थंड' हे चित्र १९७०च्या दशकापासूनच डळमळू लागले होते. १९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्स हा डायनासोर जगासमोर आला, अंगावर पिसांसारख्या तंतूंची लव घेऊन. पक्षी हे डायनासोरांचेच वंशज आहेत, हे आता महाविद्यालयात पहिल्या तासाला सांगतात. आमच्या फलकापर्यंत ते पोचलेले नाही.

चुका सगळ्यांनीच केल्या आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये १९०५ साली उभ्या केलेल्या डिप्लोडोकसची शेपूट १९९३ पर्यंत खालीच होती. मग त्यांनी ती उचलली. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात अपॅटोसॉरसच्या धडावर कित्येक दशके भलतेच डोके बसवलेले होते. १९७९ मध्ये ते काढून योग्य डोके बसवले. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने आपला उभा टायरॅनोसॉरस १९९०च्या दशकात सोडवला आणि आडव्या ठेवणीत पुन्हा जोडला. यात कोणाची अब्रू गेली नाही.

आपल्याकडे अडचण ज्ञानाची नाही, हिशेबाच्या शीर्षाची आहे. पुतळा उभारायला पैसे असतात, निविदा निघते, फीत कापली जाते. त्यानंतर देखभाल म्हणजे रंग. दर काही वर्षांनी प्राण्याला हिरवा ऑइल पेंट लागतो, फलकही नव्याने रंगवला जातो, आणि जुनाच मजकूर नव्या अक्षरांत आणखी काही वर्षांसाठी पक्का होतो. रंगाऱ्याला कामाचा आदेश मिळतो. मजकूर तपासण्याचा आदेश कोणालाच मिळत नाही.

आता मला खरे म्हणायचे आहे ते. त्या बागेतले सगळे प्राणी परदेशी आहेत. टायरॅनोसॉरस उत्तर अमेरिकेचा, ट्रायसेराटॉप्सही तिथलाच. आणि आपल्या राज्यात काय आहे? आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला डोंगरगाव आहे. तिथे १९८४ ते १९८६ या काळात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका अजस्र शाकाहारी डायनासोरचा सांगाडा खणून काढला. कवटी आणि मागचे पाय मिळाले नाहीत, पण मान, पाठ, शेपूट, खांदा, पुढचे पाय असा एकाच प्राण्याचा मोठा भाग हाती आला. भारतात ही दुर्मिळ गोष्ट आहे, कारण इथे बहुधा विखुरलेली हाडे मिळतात. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ पासून त्याला आयसिसॉरस कोलबर्टी म्हणतात. त्याच्या दंडाचे हाडच जवळजवळ दीड मीटरचे. जगभरच्या संशोधकांना तो माहीत आहे. सांगाडा कोलकात्यात आहे, आणि वरोऱ्याच्या मुलाला टायरॅनोसॉरसचे स्पेलिंग पाठ आहे.

त्याच परिसरात पिसदुरा आहे. तिथल्या शेतांतून डायनासोरांच्या विष्ठेचे अश्म मिळतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथले जीवाश्म गोळा केले होते, आणि १९३९ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ मॅटली यांनी या विष्ठाश्मांवर स्वतंत्र लेखन केले. पण खरी गंमत २००५ ची. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठाश्मांत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण शोधून काढले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे. तोवर समज असा होता की गवताचा खरा विस्तार डायनासोर संपल्यानंतरचा. जगातल्या संग्रहालयांच्या पडद्यांवर डायनासोरच्या पायाखाली नेचे असत, गवत काढणारा चित्रकार चुकला असे मानत. पिसदुऱ्याच्या विष्ठेने तो समज मोडला. हे प्राणी फक्त गवतावर जगत असे नव्हे, ताड, सूचिपर्णी, इतर झाडेही त्यांच्या पोटात होती. पण गवत होते. आमच्या तालुक्यातल्या शेणाने जगाचे पाठ्यपुस्तक बदलले, महोदय, आणि ही गोष्ट सांगणारा एक फलकही मला आजवर कुठल्या संग्रहालयात दिसलेला नाही. मुलांना तर ही गोष्ट टायरॅनोसॉरसपेक्षा जास्त आवडते. वर्गात सांगून पाहिली आहे.

गुजरातने बालासिनोरजवळ रैयोलीला २०१९ मध्ये संग्रहालय उघडले आणि तिथे सापडलेल्या राजासॉरस या डायनासोरला आपलेसे केले. आपल्याकडे प्रश्न पडतो की डायनासोर कोणत्या खात्याचा? हाडे खणणारे भूवैज्ञानिक सर्वेक्षण केंद्राच्या खाण मंत्रालयाचे, विज्ञान केंद्रे केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची, राज्याची संग्रहालये आपली, बाग नगरपालिकेची, जमीन शेतकऱ्याची. पाच दारे असली की माणूस कुठल्याच दारातून आत जात नाही. म्हणून पत्र आपल्याला लिहिते आहे; सुरुवात आपल्या हातातल्या संग्रहालयांपासून होऊ शकते.

नवा प्रकल्प नको. डरकाळ्या फोडणारे रबरी डायनासोर तर मुळीच नकोत. दोन पावसाळ्यांत त्यांची मान अडकते आणि पुढची दहा वर्षे ते तसेच उभे राहतात. सिमेंटचे जुने पुतळेही तोडू नयेत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत इग्वानोडॉन या डायनासोरचे १८५४ चे पुतळे आजही आहेत, अंगठ्याचे हाड नाकावर शिंगासारखे बसवलेले. ते चुकीचे आहेत हे जाहीर आहे, आणि म्हणूनच जपलेले आहेत. आपल्या तिपाईवाल्या टायरॅनोसॉरसशेजारीही एक फलक लावता येईल: पूर्वी असे समजत, आता असे समजतो, आणि मत का बदलले.

मागणे एवढेच. प्रत्येक फलकावर मजकूर तपासल्याचे साल असावे. तो ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासायची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर असावी आणि दुरुस्तीसाठी वेगळी तरतूद असावी, रंगाच्या खर्चात मिसळलेली नव्हे. नागपूर विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय नागपुरातच आहे; मजकूर तपासणारे शोधायला दूर जावे लागणार नाही. कोलकात्याच्या संस्थेशी बोलून आयसिसॉरसच्या हाडांच्या प्रतिकृती आणाव्यात, सगळ्या नाही जमल्या तरी ते दंडाचे हाड आणि मानेचे मणके. जी हाडे मिळाली नाहीत, ती प्रतिकृतीत वेगळ्या रंगात दाखवावीत, म्हणजे काय सापडले आणि काय अंदाजाने भरले ते मुलांना कळेल. त्या प्रतिकृती मुंबईला न ठेवता चंद्रपूरला ठेवाव्यात, हा माझा हट्ट समजा.

मराठी फलकांचा मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको. पहिला फलक बदलण्याचा आदेश कोणत्या कार्यालयातून निघेल, तेवढे कृपया कळवावे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
जि. चंद्रपूर