पैसे वाटेत आहेत

दुआला, कॅमेरून

ती. अण्णा व ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. मलेरिया एकदाच झाला, तोही किरकोळ. आई, फोनवर सांगितलं नाही कारण तू रडत बसली असतीस. आणि तू अजून विचारतेस तो २०२३ चा लष्करी उठाव गॅबॉनमध्ये झाला होता. तिथली नोट आणि आमची नोट एकच, पण देश वेगळा. शेजारच्या घरात भांडण झालं म्हणून आपली चूल बंद राहते का?

इथल्या टॅक्सीचं मात्र सांगायलाच हवं. पिवळी टॅक्सी हळू होते, थांबत नाही. आपण खिडकीकडे ओरडायचं: कुठे जायचं आणि किती देणार. "आक्वा, तीनशे!" पटलं तर ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, नाही पटलं तर न बोलता पुढे. आत आधीच चारजण असतात, त्यांची वाट वेगळी असेल तर हॉर्न नाहीच. हातात मोठी नोट असेल तर तेही आधीच ओरडायचं, कारण सुट्टे कुणाकडेच नसतात. दहा हजाराची नोट दाखवली की माणसं तोंड फिरवतात. पहिल्या आठवड्यात मी अर्धा तास नुसता हात हलवत उभा होतो आणि सगळे मला वेडा समजत होते. आता माझा आवाज आपल्या भाजीबाजारातल्यासारखा झालाय.

अण्णा, "सहा देशांचं चलन एक, मग पैसे यायला तीन आठवडे का?" असं विचारलंत तेव्हा तुमच्या आवाजात संशय होता. म्हणून नीट लिहितो. कॅमेरून, गॅबॉन, चाड, काँगो-ब्राझाव्हिल, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि विषुववृत्तीय गिनी, या सहांची मध्यवर्ती बँक एकच, इथल्या राजधानीत, याउंदेला. चलनाचं नाव सेफा फ्रँक. एका युरोला ६५५.९५७ फ्रँक, हा भाव १९९९ पासून हललेला नाही. हमी फ्रान्सची, म्हणून परकीय चलनाच्या सामाईक गंगाजळीतला निम्मा वाटा फ्रान्सच्या सरकारी तिजोरीत ठेवावा लागतो. आपली सामाईक विहीर आठवा. मोटर कुणाचीही चालू असो, पाणी सगळ्यांचंच खाली जातं. २०१४ नंतर तेलाचे भाव पडले, तेल विकून जगणाऱ्यांचं उत्पन्न आटलं आणि विहिरीचा तळ दिसायला लागला. मग २०१८ च्या शेवटी नियम कडक केले: बाहेर जाणाऱ्या पैशाला कागद हवा. माझी फाईल एकदा परत आली, पगाराच्या पावतीवर शिक्का नव्हता. ती चूक माझी.

ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, हुंडीने दोन दिवसांत पोचवतो. नाही म्हणालो. तीस वर्षं कॅश काउंटरवर बसलेल्या माणसाला काय तोंड दाखवणार होतो?

गंमत म्हणजे पश्चिमेकडच्या आठ देशांचाही सेफा फ्रँकच आहे, भावही तोच. पण सेनेगलहून आलेल्या आमच्या सहकाऱ्याची नोट इथे पानवाल्यानेही घेतली नाही (पानवाला म्हणजे सिगारेटवाला, पान कुठलं मिळायला).

इथे किती साठवलं, असंही विचारलंत. जानेवारी १९९४ मध्ये हा फ्रँक एका झटक्यात निम्म्यावर आणला होता. आमचे घरमालक अजून तेच सांगतात आणि हातात पैसे आले की सिमेंटची पोती आणून टाकतात. म्हणून मीही साठवत नाही, पाठवतो. कमी पाठवतो हे मान्य.

सुमीच्या लग्नाच्या हॉलची आगाऊ रक्कम याच पैशांतून द्या. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत खात्यात दिसेल, नाही दिसली तर मामांकडून घ्या, मी त्यांच्याशी बोललोय. आचाऱ्याला पुढच्या महिन्यात देतो म्हणून सांगा. दागिन्यांना हात लावू नका. धरणगावच्या स्थळाबद्दल आईने तीनदा लिहिलं. मुलीचा फोटो चांगला आहे, पण तिला दुआला कुठे आहे ते आधी नकाशात दाखवा आणि मग विचारा. सुमीच्या आधी माझं नको.

सुमीला सांगा, दादा हळदीला असेल.

तुमचा,
बाळू

ता. क. रजेचा अर्ज दिलाय, अजून सही झालेली नाही. तिला हे आत्ता सांगू नका.